ताबा

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आमच्या टीईच्या बॅचमधली निम्मी मुलं हसली. बरोबरच आहे! दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी म्हणजे 'सेकंड लँग्वेज', आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जन्मात जमलेलं नाही. पण मराठीतला एक शब्द मला वयाच्या बाराव्या वर्षीच पक्का समजला. तो शब्द म्हणजे 'ताबा'.

तुम्हाला हा शब्द कुठे भेटतो? बिल्डरच्या जाहिरातीत, 'दिवाळीपर्यंत ताबा'. मॅचच्या बातमीत, 'सामन्यावर ताबा'. मला तो भेटला एका कागदावर, माझ्याच नावाच्या पुढे. 'अज्ञान मुलीचा ताबा अर्जदार आईकडे राहील.' यातला 'अज्ञान' वाचून मला पहिला राग आला होता. सातवीत गणितात नव्वदच्या वर मार्क आणि म्हणे अज्ञान! नंतर कळलं की कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला प्रत्येक जण अज्ञान असतो आणि अठराव्या वाढदिवशी आपोआप सज्ञान होतो. (सज्ञान झालेल्यांनी एसईचा एम-थ्री आठवून बघावा.)

तर, माझ्या आई-बाबांचा घटस्फोट मार्च २०१८ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात झाला. प्लीज, आता 'अरेरे' म्हणू नका. हा लेख रडका नाही. लिहायचं कारण एवढंच की आपल्याच कॉलेजात दोघा-तिघांच्या घरी सध्या हेच चालू आहे आणि ते मला गच्चीवर गाठून हळूच विचारतात, "कोर्टात आपल्याला पिंजऱ्यात उभं करतात का गं?" सगळ्यांना घटस्फोट सिनेमातलाच माहिती आहे. सिनेमात लायसन्स नसतं. आमच्या घटस्फोटात सगळ्यात जास्त भांडण झालं ते लायसन्सवरून!

आमचं मेडिकलचं दुकान. आजोबांनी सुरू केलेलं, नंतर बाबांच्या नावावर आलेलं. बाबा बी.कॉम., आई डी.फार्म. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. दुकानाचं लायसन्स अन्न व औषध प्रशासन देतं, फॉर्म २० आणि २१ मध्ये, आणि फार्मासिस्टचं नाव त्याला जोडलेलं असतं. थोडक्यात, गाळा बाबांचा, माल बाबांचा, उधारी बाबांची, पण ज्या नावावर दुकान चालायचं ते नाव आईचं. काउंटरच्या वर गणपतीचा फोटो आणि त्याच्या शेजारी आईचं सर्टिफिकेट, फ्रेम करून. लहानपणी मला वाटायचं की दोघांनाही उदबत्ती दाखवायची असते.

२०१६ च्या सुरुवातीला आई मला घेऊन आज्जीकडे राहायला आली. आता गंमत बघा. नवरा-बायको वेगळी झाली, कोर्टात अर्ज गेला, पण रोज सकाळी दहा ते दोन आई त्याच काउंटरमागे उभी! कारण ती गेली की दुकान बंद. गिऱ्हाइकांना काही पत्ता नाही. कुणीतरी विचारायचं, "काय वहिनी, दिवाळीला कुठे यंदा?" आणि दोघंही एकदम उत्तर द्यायची, वेगवेगळं. संध्याकाळचं बाबा कसं निभावत होते ते मी या अंकात लिहीत नाही!

समुपदेशकांकडे बैठका सुरू झाल्या. कौटुंबिक न्यायालयात हे एक चांगलं असतं. १९८४ च्या कायद्यानेच या न्यायालयांवर आधी समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे भांडणाच्या आधी बोलणं होतं. आमच्या बाईंनी संसार जोडायचा प्रयत्न दोन बैठकांत सोडला आणि तुटणं नीट व्हावं याच्या मागे लागल्या. मला त्या फार आवडायच्या. आईने एकटीने केलेला अर्ज शेवटी परस्पर संमतीचा करायचा ठरलं. घर बाबांकडे, दागिने आईकडे, मी आईकडे, दुसरा आणि चौथा शनिवार बाबांकडे, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. सगळं लिहून झालं. राहिलं एकच कलम.

बाबांचं म्हणणं होतं, सर्टिफिकेट पाच वर्षं दुकानात राहू दे. आईने यायची गरज नाही, नाव फक्त राहू दे, दरमहा ठरलेली रक्कम घरपोच मिळेल. ऐकायला वाईट वाटत नाही ना? आज्जीलाही नाही वाटलं. "बसल्या जागी पैसे मिळतात तर घे की!" म्हणाली. सर्टिफिकेट असं भाड्याने देणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. पण आईच्या वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "हे मी लिहिणार नाही." त्यांनी जे समजावलं ते मला त्या वेळी अर्धंच कळलं. पुढे अकरावीत मी कायदा स्वतः काढून वाचला तेव्हा पूर्ण कळलं.

फार्मासिस्टची नोंदणी ही वस्तू नाही. ती विकता येत नाही, वाटून घेता येत नाही, नवऱ्याच्या धंद्यात भांडवल म्हणून लावता येत नाही. ती त्या माणसाला दिलेली परवानगी आहे, आणि तिच्याबरोबर जबाबदारी येते. नाव दुकानात आणि माणूस घरी, असं असताना चुकीचं औषध गेलं तर विचारणा नाव असलेल्याला. राज्याचं फार्मसी कौन्सिल रजिस्टरमधून नावच काढू शकतं. मग दरमहाची रक्कमही गेली आणि नोकरी करायचा मार्गही गेला. शिवाय बेकायदेशीर गोष्टीसाठी केलेला करार हा करारच नसतो. तो १८७२ च्या कायद्यापासून रद्दबातल आहे. म्हणजे उद्या बाबांनी पैसे थांबवले असते तर आई कुठल्याच कोर्टात जाऊ शकली नसती.

उलट बाजूनेही बघायला हवं. बाबा खलनायक नव्हते. वीस वर्षांचं दुकान एका सहीवर बंद पडणार ही भीती खरी होती. पगारी फार्मासिस्ट ठेवायचा तर महिन्याचं गणित बदलत होतं. त्यांच्या वकिलांनी मग दुसरा मुद्दा काढला. बायको शिकलेली आहे, सर्टिफिकेट आहे, कमावू शकते, मग पोटगी कशाला? म्हणजे तेच सर्टिफिकेट दुकानात हवं तेव्हा बाबांचं, आणि पोटगी टाळायची तेव्हा आईचं! आमच्या वकीलबाई यावर फक्त हसल्या. 'कमावू शकते' आणि 'कमावते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलेलं आहे.

या एका कलमापायी सगळंच अडलं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबावं लागायचं. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही अट योग्य प्रकरणात माफ करता येईल. पण त्यासाठी पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे सगळे वाद खरोखर मिटलेले हवेत. आमचा एक वाद भिंतीवर फ्रेममध्ये लटकत होता!

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला गूगलच्या पानावर एका नऊवारीतल्या डॉक्टरीणबाईंचं चित्र होतं, रखमाबाईंचं. कॉन्व्हेंटमध्ये मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल तोंडपाठ होती. या कोण, काही माहिती नव्हतं. आईने सांगितलं. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं, नवऱ्याने नांदायला येण्यासाठी १८८४ मध्ये मुंबईत खटला भरला, १८८७ मध्ये न्यायालय म्हणालं एक तर नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला कित्येक वर्षं काम केलं. आईने हे भाजी निवडता निवडता सांगितलं आणि सांगून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एका हॉस्पिटलच्या फार्मसीत अर्ज दिला.

डिसेंबरात ते कलम सुटलं. आईचं नाव दुकानाच्या लायसन्सवरून काढायचं, बाबांनी दुसरा फार्मासिस्ट नेमायचा, आणि तो रुजू होऊन त्याचं नाव चढेपर्यंत विक्री बंद ठेवायची. दुकान अकरा दिवस बंद राहिलं. बाबांनी फ्रेम स्वतः उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि स्कूटरवरून आज्जीकडे आणून दिली. चहा घेतला नाही. मग जानेवारीत नवा अर्ज गेला आणि सहा महिन्यांची अट माफ झाली.

आता माझ्याकडे वळू. (अज्ञान बालिका!)

माझा ताबा कोणाकडे, हा प्रश्न कायद्यात वाटतो तितका सोपा नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्या नंतर आई. फक्त पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. हे 'नंतर' भयंकर आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने बाँड घ्यायला पालक म्हणून सही केली तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्याबरोबरच वंदना शिवा यांची याचिकाही ऐकली गेली. त्यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात मुलाच्या ताब्याचा प्रश्न होता. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यानंतर असं नाही, तर वडील लक्ष देत नसतील किंवा देऊ शकत नसतील तेव्हाही आई नैसर्गिक पालक. छान झालं, पण कायद्यातला शब्द अजून तोच आहे. प्रोग्रॅममध्ये बग तसाच ठेवून वर कमेंट लिहून ठेवावी, तसं.

ताबा ठरवताना मात्र सगळ्यात वरचा निकष एकच, मुलाचं हित. आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळात, असंही लिहून ठेवलंय की मूल समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. म्हणून मला बोलावलं. पिंजरा नाही, काळे कोट नाहीत. न्यायाधीश मॅडमच्या चेंबरमध्ये एक खुर्ची, टेबलावर पाण्याचा ग्लास, आई-बाबा दोघंही बाहेर. रात्रभर मी मनात एक इंग्रजी वाक्य तयार करून ठेवलं होतं, आई आणि बाबा दोघं मला सारखेच आवडतात असं. त्यांनी ते विचारलंच नाही! त्यांनी विचारलं, "शाळेतून आल्यावर दार कोण उघडतं?" मी म्हटलं, आज्जी. "ताप आला की रात्री कोण उठतं?" आई. "सायकल कोणी शिकवली?" बाबा. "अजून चालवतेस?" हो. दहा मिनिटांत झालं. 'कोण हवं' हा प्रश्न मला कोणीही विचारला नाही. माझ्या बाबतीत कोर्टाने केलेली सगळ्यात मोठी मेहरबानी ती, असं मला आजही वाटतं.

कागदावर मात्र शब्द आला 'ताबा'. फ्लॅटसारखा. पुढे हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ वाचलं तेव्हा माझं मत बदललं. त्यात म्हटलंय की मुलांच्या ताब्याचे आदेश न्यायालय नंतर कधीही रद्द करू शकतं, स्थगित करू शकतं किंवा बदलू शकतं. रद्द, स्थगित, बदल... हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते? दुकानाच्या लायसन्सबद्दल बोलताना! म्हणजे नाव ताब्याचं असलं तरी गोष्ट परवान्याची आहे. अटींवर दिलेली, दुसऱ्याला देता न येणारी, नीट वापरली नाही तर काढून घेता येणारी, आणि मुदत असलेली. आई-बाबा माझे मालक नव्हते, परवानाधारक होते. मला तरी मालकापेक्षा हे बरं वाटलं.

अमेरिकेत तर या दोन गोष्टींची सरळ गाठच मारली आहे. मुलाच्या पोटगीचे पैसे थकवले तर गाडी चालवायचं लायसन्सच नाही, डॉक्टर-वकिलांचं व्यवसायाचं लायसन्ससुद्धा स्थगित करता येईल, असा कायदा प्रत्येक राज्यात असायलाच हवा अशी अट तिथल्या केंद्र सरकारने १९९६ पासून घातली आहे. आपल्याकडे थकबाकी वसूल करायला मालमत्ता जप्त होते, तुरुंगातही टाकतात, पण लायसन्सला सहसा कोणी हात लावत नाही. मला आपलं बरं वाटतं. बाबांचं दुकान बंद करून बाबांकडून फी कशी काय भरून घेणार? धाक म्हणून ठीक असेल, पण कापलेल्या वायरमधून करंट जात नाही.

फीवरून आठवलं. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी लेखातलं बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. आमच्या मसुद्यात आधी लिहिलं होतं, 'मुलगी सज्ञान होईपर्यंत शिक्षणाचा खर्च वडील करतील.' कोणालाच त्यात काही खटकलं नाही. वकीलबाईंनी 'सज्ञान होईपर्यंत' खोडलं आणि वर लिहिलं, 'पदवीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत.' दोन शब्द! हिशोब करा. आपण अठराचे होतो कधी? एफईच्या आसपास. म्हणजे ज्या वर्षी खर्च सुरू होतो त्याच वर्षी पहिल्या वाक्याची मुदत संपली असती. अविवाहित हिंदू मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर अठरानंतरही वडिलांकडे मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्यासाठी बाबांवर पुन्हा दावा लावायचा? त्यापेक्षा दोन शब्द बरे. तुमच्याकडचा मसुदा मागून घ्या आणि ते वाक्य शोधा. मुलांनो, तुम्ही तर नक्कीच शोधा.

आईने आडनाव बदललं नाही. लोकांना वाटतं अजून मन अडकलंय. कारण साधं आहे. कौन्सिलच्या रजिस्टरवर लग्नानंतरचं नाव आहे, डिप्लोमावर माहेरचं, आणि हे जुळवायला एकदा केलेली राजपत्राची आणि प्रतिज्ञापत्राची धावपळ तिला पुन्हा करायची नव्हती. घटस्फोटानंतर नाव बदललंच पाहिजे असं काही नाही. माझ्या नावात मधे बाबा आहेत आणि मार्कलिस्टवर आईचं नाव वेगळ्या ओळीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आईचं नावही मुलाच्या नावात, वडिलांच्या आधी लागतं. मी एकोणीस वर्षं आधी जन्मले. असो!

ऑगस्ट २०२३ मध्ये मी अठरा पूर्ण केली. त्या दिवशी माझ्यावरचा ताब्याचा आदेश संपला. कोर्टातून पत्र येत नाही, कोणी शिक्का मारत नाही, नुसता संपतो. (१९९९ च्या आधी, ज्यांचा पालक कोर्टाने नेमला असेल त्यांना सज्ञान व्हायला एकवीस वर्षं लागायची. सुटले!) त्या रात्री आईने विचारलं, "आता शनिवारचं तू तुझं ठरव." मला काय ठरवायचं तेच कळेना. साडेपाच वर्षं दुसरा आणि चौथा शनिवार बाबांचा होता. पाऊस असो, पेपर असो, आदेशच असल्यामुळे कोणाला कोणाची परवानगी मागावी लागायची नाही, आणि कोणाला वाईटही वाटायचं नाही. आता मी गेले तर माझ्या मनाने जाणार, आणि नाही गेले तर तेही माझ्याच मनाने.

मी जाते. दुकानात बसते, बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकलं तर सोडवून देते. औषधाला हात लावत नाही, ते काम काउंटरवरच्या फार्मासिस्ट दादाचं. गणपतीच्या शेजारी आता त्याचं सर्टिफिकेट आहे, पण फ्रेम लहान असल्यामुळे आईच्या फ्रेमचा चौकोन भिंतीवर अजून दिसतो. बाबा रंग काढायचा म्हणतात दर दिवाळीला.

या महिन्यात चौथ्या शनिवारी आमचं सबमिशन आलं. मी फोन करून सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं, मग पुढच्या शनिवारी ये. तो आपला नाही, पण चालेल ना?"